ओव्याच्या पुडीतलं शब्दकोडं

आमच्या घरात कागद यायचा तो पुडी होऊनच. चहाची पुडी, साखरेची पुडी, कधी तिखटाची. वाचणारं कोणी नव्हतं, तेव्हा कागदाचं दुसरं काही कामही नव्हतं.

पनवेलच्या खाडीकाठी, गव्हाणकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. सगळी आगरी वस्ती, सगळे मिठागरात. बाबा दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढायचे. आई ते टोपलीत भरून बांधावर नेऊन टाकायची, आणि बाजाराच्या दिवशी सुकी मासळी घेऊन पनवेलला चालत जायची. बाबांच्या पायांना भेगा होत्या. भेग एकदा पडली की मीठ ती भरू देत नाही. आई दिव्यावर मेण वितळवून त्या भेगांत ओतायची आणि बाबा दात आवळून भिंतीकडे बघत बसायचे. पावसाळ्यात मीठ नाही म्हणून काम नाही. तेव्हा खाडीच्या चिखलातले निवटे मासे आणि पेज, पेज आणि निवटे. यात मी जगावेगळं काही सांगत नाही, गावात सगळ्यांचं असंच होतं. आमच्या घरात वेगळं एवढंच की पुडी सोडली की तिचा कागद मी कोणाला फेकू द्यायचे नाही.

गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढे पनवेलच्या हायस्कुलात घालायचं आईनं ठरवलं. बाबा म्हणाले, "पोरीची जात, शिकून काय करनार?" आई म्हणाली, "मीठ वढायला तरी नाय यायची." एवढ्यावर विषय संपला. मी आईच्या मागून चालत पनवेलला जायचे, परत यायचे, आणि वाटेत पुडीचे कागद वाचायचे.

अशाच एका साखरेच्या पुडीवर मला पहिलं शब्दकोडं भेटलं. काळे-पांढरे चौकोन आणि खाली आडव्या-उभ्या शब्दांच्या खुणा. कोण्या अनोळखी माणसानं अर्धे चौकोन शाईनं भरून सोडून दिले होते. एक खूण अशी होती: 'विड्याच्या पानांचा वेल, काना गळाला तर खाडीकाठचे गाव.' मी ती वाचत वाचत चालले होते. पानवेल. काना गळाला. पनवेल! मी वाटेतच थांबले. ज्या गावाला रोज पाय झिजवत जात होते ते गाव असं दुसऱ्या शब्दाच्या पोटात लपून बसलेलं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आईनं मागे वळून विचारलं, "काटा गेला काय गो पायात?"

तेव्हापासून मला तो नाद लागला. ते एक साप्ताहिक होतं आणि त्यात कोडं घालणारा माणूस मोठा बेरकी होता. सरळ अर्थ तो कधी विचारायचाच नाही. 'गरीब उलटला की वाहू लागतो': दीन उलटा केला की नदी. 'वाऱ्याचे पहिले अक्षर पुढे, मागे सैन्य. नाखवा घाबरतो': वा आणि दळ, वादळ. मी जमिनीवर कोळशानं अक्षरं गोल मांडायचे, म्हणजे कोणतं आधी नि कोणतं नंतर हे डोळा विसरून जातो आणि नवा शब्द दिसतो. एकच दुःख होतं. पुडीच्या कागदाला पुढचा अंक नसतो. मी काढलेलं उत्तर बरोबर की चूक, हे मला एकदाही कळलेलं नव्हतं.

मॅट्रिक झाले. मुंबईला कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. आमच्या गावातून कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, मुलगाही नव्हता. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि तेव्हाही सांगत असे. गावात काहींना ते रुचत नव्हतं हेही मला ठाऊक होतं.

इंटरची परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. लाँचनं मोऱ्याच्या बंदरात उतरले, तिथून गव्हाणपर्यंत गाडी आणि पुढे पायी. त्या सुट्टीत मी पनवेलच्या स्टँडवर ते साप्ताहिक पहिल्यांदा स्वतः विकत घेतलं. अख्खा अंक, कोरं कोडं, आणि तळाला छापलेलं: 'उत्तर पुढील अंकी.' अंकावर खाडाखोड करायला मन होईना. म्हणून एका जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी चौकोन आखून घेतले, काळे होते ते कोळशानं काळे केले, आणि कडेच्या जागेत अक्षरांची उलथापालथ मांडली. बरंचसं सुटलं. शब्द छापील कोड्यात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवले आणि पाठकोरा कागद पाटाखाली सरकवला. काम झालेला कागद तो. माझ्यापुरता संपला होता.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. ती गावची धवलारीण. आमच्यात लग्न लागताना धवले गाण्याचा मान हिचा. हळदीच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींना कोडी घालण्यातही तिचा हात कोणी धरत नसे. जी बाजू चुकेल तिची ती अशी फजिती करी की नवरा मुलगा हळदीनं नाही, लाजेनं पिवळा व्हायचा. मी तिला आजी म्हणायचे. तिच्या सुनेला नुकतं बाळ झालं होतं. बाळाचं पोट दुखत होतं, ते पाय पोटाशी घेऊन रडायचं. आई म्हणाली, "ओवा भाजून शेक दे, आन् चिमूटभर पान्यात उकलून दे." सून म्हणाली, घरात ओवा नाही. आईनं आपल्याकडचा दिला.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा मिठागरात गेल्यावर मी घरात एकटी भांडी घासत होते. बाहेरून आजीचा आवाज आला.

"हाय का कोन घरात? बाहेर ये. उंबऱ्याच्या आत माझा पाय नाय पडायचा."

मी राखेच्या हातांनीच बाहेर आले. आजी अंगणाच्या कडेला उभी होती. तिच्या हातात चुलीतला चिमटा होता आणि चिमट्याच्या टोकात एक चुरगळलेला कागद. ती तो अंगापासून लांब धरून उभी होती, जसं मेलेलं जनावर धरावं. तो माझा कागद होता. आईला वाचता येत नव्हतं. तिनं पाटाखालून हाताला लागला तो कागद घेऊन ओव्याची पुडी बांधली होती.

"पोराला रातभर ताप हाय," आजी म्हणाली. "अंग चुलीगत तापलंय. झोली झाडली तर खाली ह्यो निघाला. तुज्या आयनं दिलेली पुडी."

"आजी, तो माझा कागद आहे. कोडं आहे ते."

"कोनासाठी?"

मी हातांची राख पुसायला लागले. तेवढ्यात मिठागराचा मुकादम वाटेनं जात होता. त्याला जेमतेम वाचता यायचं, पण गावातल्या मोठ्या माणसांत तेवढंही दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. आजीनं त्याला हाक मारली. त्यानं कागदाला हात लावला नाही. वाकून, चिमट्यातच बघून, एकेक शब्द सुटा सुटा वाचला.

"मरा," तो म्हणाला. मग थांबून, "काळ." आणि मग, "राख."

कोड्यातल्या खुणा मला पाठ होत्या. 'वाल्याने म्हटले ते उलटे केले तर देव': त्यासाठी मी मरा लिहून राम केला होता. 'पहाटेमागून येते, डोके उडवले तर यम': सकाळ, त्यातून काळ. 'खरा उलटला, चुलीत सापडला': राख. घरी बसून ते सोडवताना मला हसू आलं होतं. मुकादमाच्या जाड आवाजात तेच शब्द निराळे वाटले. काळे चौकोन, गोल मांडलेली अक्षरं आणि त्यांच्या बाजूला मरा, काळ, राख. मी ते लिहिलेलं नसतं तर मलाही भीतीच वाटली असती.

कागद तसाच चिमट्यात धरून आजी देवळाकडे निघाली. मुकादम जाता जाता म्हणाला, "बापसाला सांग, उन्हं उतरली की गावकी बसेल."

मी लहान असताना गावकीनं एका बाईला भगताकडे नेलं होतं. तिनं कोणावर तरी करणी केली असा बोभाटा झाला होता. भगतानं तिला काय केलं हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. ती परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते आणि ती बोलत नव्हती. पुढे तिच्या घरचा विस्तव कोणी घेईना, विहिरीवर ती आली की बाया बाजूला होत. एक दिवस ते घर रिकामं दिसलं. कुठे गेली ते कोणी विचारलंही नाही. देवळाकडे जाणाऱ्या आजीच्या पाठीकडे बघताना मला ती बाई आठवत होती. पण डोक्यावरचे केस कापलेले दिसत होते ते आईचे. पुडी आईनं दिली होती. गावाच्या हिशेबी हात आईचा होता.

गावकी देवळापुढच्या आवारात बसली. बाबा एरवी पंचांच्या रांगेत बसायचे. त्या दिवशी ते समोर, मातीत बसले आणि त्यांनी डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. आई त्यांच्या मागे. तिचे पाय मिठानं पांढरे झाले होते, धुवायलाही कोणी वेळ दिला नव्हता. कागद पंचांच्या मधोमध पडला होता आणि उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता.

"बोल," गावपाटील मला म्हणाले.

मी उभी राहिले आणि घाबरून माझ्या तोंडून कॉलेजातलं बोलणं बाहेर पडलं. "हा एक बौद्धिक खेळ आहे. यात शब्दांची अक्षरं उलटसुलट केली जातात..."

"उलटी?" मुकादम मध्येच म्हणाला.

"हो. म्हणजे शब्द उलटा वाचायचा..."

"देवऋशी पन मंतर उलटाच वाचतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मी वाल्या कोळ्याची गोष्ट सांगितली. मरा मरा म्हणता म्हणता राम कसा झाला ते सांगितलं. पाटील म्हणाले, "ती आमाला ठावं हाय. वाल्या मरा म्हनत व्हता तो सोताला. तू लिवलंस आन् दिलंस दुसऱ्याच्या पोराला." लोक हसले नाहीत. मी घरून आणलेला अंक पुढे केला, हे बघा छापलेले चौकोन, मुंबईला छापतात. मुकादमानं तो उलटसुलट करून पाहिला. "चौकोन हायेत. पन इथं मरा कुठं छापलाय?" छापलेला नव्हताच. छापल्या होत्या नुसत्या खुणा. मी जितकं समजावत होते तितका तो कागद जास्त वाईट दिसत होता.

बाबा खाली बघून म्हणाले, "तिचं कालेज बंद करतो. घरात बसवतो. आयला तिच्या सोडा."

ते ऐकलं आणि मला राग आला. भीती होतीच, पण तिच्या अंगावर राग चढला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी ह्याच पेपरात ह्याची उत्तरं छापून येतील. मी आत्ता तुमच्यासमोर सगळे चौकोन भरून देते. कागद तुमच्याकडे ठेवा. आठ दिसांनी पेपर आणा आणि दोन्ही ताडून बघा. माझं आणि छापलेलं एक निघालं तर हा खेळ."

"आन् नाय निघालं तर?" आजीनं विचारलं. ती पंचांच्या बाजूला उभी होती, पदर तोंडावर धरून.

पाटलांनी उत्तर दिलं, मला नव्हे, बाबांना. "तर तुज्या बायकोला भगताकडं न्यायचं."

मी खाली बसून पेन्सिल धरली. छापील कोड्यात बारीक लिहिलेले शब्द ठळक करत गेले. सगळे झाले, एक राहिला. तो घरीही सुटला नव्हता. म्हणजे सुटला होता, पण दोन प्रकारे. खूण होती: 'चिखलातले फूल आणि लेखणी, अक्षरे तीच, जागा निराळ्या.' कमल आणि कलम. तीन चौकोन, आणि दुसऱ्या शब्दाला छेद जात होता तो फक्त पहिल्याच चौकोनात. तिथे क. दोन्हींना क चालतो. पुढचे दोन चौकोन मोकळे होते आणि त्यांना विचारायला आजूबाजूला कोणी नव्हतं.

घरी असते तर दोन्ही लिहून हसले असते. इथे एकच लिहायचा होता. फूल आधी म्हटलंय म्हणून कमल? की फुलाची अक्षरं हलवून लेखणी करायची म्हणून कलम? "लिवते का कसं?" पाटील म्हणाले. मी कलम लिहिलं. माझ्या हातात तेव्हा पेन्सिल होती, याहून चांगलं कारण माझ्यापाशी नव्हतं.

तो अंक आणि दगडाखालचा कागद घडी करून गावदेवीच्या पायाशी नारळाखाली ठेवले गेले आणि देवळाला कुलूप लागलं.

त्यानंतरचे आठ दिवस मला अजून कधी कधी स्वप्नात दिसतात. आम्ही विहिरीवर गेलो की बाया कळशा उचलून लांब उभ्या राहत. बाजाराला जाताना आईच्या सोबतिणी पुढे निघून गेल्या; आई मासळीची टोपली घेऊन एकटी मागून गेली आणि एकटी आली. भिंतीपलीकडे बाळ रडायचं, आणि त्याचं रडणं थांबलं की आम्ही दोघी श्वास रोखून पुन्हा ते सुरू व्हायची वाट बघायचो. बाळाला काही झालं असतं तर पुढच्या अंकाची कोणी वाट पाहिली नसती, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. मी म्हटलं, त्याला पनवेलला डॉक्टरकडे न्या. भिंतीवरूनच म्हटलं. आतून उत्तर आलं नाही. पण सकाळी आजीचा मुलगा बाळाला फडक्यात गुंडाळून पनवेलच्या वाटेला लागलेला मी पाहिला.

बाळाचा ताप उतरला. आम्हाला वाटलं, सुटलो. संध्याकाळी बाबा मिठागरातून आले ते दारातच बसले.

"लोक काय म्हनतात ठावं हाय?" ते म्हणाले. "कागद देवीच्या पायाशी कोंडला म्हनून पोर वाचलं."

आई सुकट निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. थोड्या वेळानं मला म्हणाली, "तू भरलंस ते सगलं बरोबर हाय ना गो?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग कनाला भितेस? भगत माझे केस कापल, तुजे नाय." आणि ती हसली. तिला खरंच हसू आलं होतं की माझ्यासाठी हसली, ते मला कळलं नाही. मी घराच्या मागे जाऊन जमिनीवर बोटानं लिहिलं, कमल, कलम, कमल, कलम, आणि कोणी बघायच्या आत पायानं पुसून टाकलं. काहीही लिहायची मला आता भीती वाटत होती.

रविवारी मुकादम पहाटे निघून पनवेलला गेला. देवळापुढे सकाळपासून माणसं जमली. ऊन चढलं तरी तो दिसेना. मला वाटलं, अंक संपला असेल. मग वाटलं, अंक आलाच नसेल. अखेर तो बांधावरून येताना दिसला, पेपर काखेत.

मला दूर बसवलं. देवळातला अंक आणि नवा अंक शेजारी शेजारी अंथरले, कोपऱ्यांवर दगड ठेवले. पाटील, मुकादम आणि आजी वाकून बसले. मुकादम नव्या अंकातला शब्द वाचायचा. आजीला वाचता येत नव्हतं, ती नव्या चौकोनावर एक बोट आणि जुन्यावर एक बोट ठेवून अक्षरांचे आकार ताडून बघायची आणि म्हणायची, "हाय. असाच हाय."

"राम."

"हाय."

"सकाळ."

"असाच हाय."

"राख."

"हाय."

पहिल्या काही शब्दांना माझ्या जिवात जीव आला. मग माझ्या लक्षात आलं की आवार गप्प झालं आहे. माणसं कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. एकेक शब्द जुळत होता आणि पुढे बसलेल्या बाया पोरांना मागे ओढून घेत होत्या. एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"जे आठ दिसांनी छापनार ते हिला आदीच कसं ठावं?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते ते. सुटका म्हणून मी जो मार्ग काढला होता, तो फास होता आणि मीच तो आईच्या गळ्यात टाकला होता. चुकलं असतं तर खोटी ठरले असते. जुळलं तर चेटकीण. मुकादम वाचत होता, आजी "हाय, हाय" म्हणत होती, आणि तिचाही आवाज बारीक होत चालला होता. मी आईकडे बघितलं. आई हात जोडून बसली होती आणि प्रत्येक 'हाय'ला मान हलवत होती. तिला वाटत होतं आपण वाचतोय.

"कमल," मुकादमानं वाचलं.

आजीनं बोट उचललं, परत ठेवलं. डोकं आणखी खाली नेलं.

"ह्यो नाय जुलत," ती म्हणाली.

"कसा नाय?" पाटील म्हणाले.

"पयला जुलतो. फुरचे दोन इकडचे तिकडं झालेत."

मुकादमानं माझं अक्षर वाचलं. "कलम. हिनं कलम लिवलाय. चुकलं."

मी रडत रडत, आमच्याच बोलीत, काहीबाही बोलून गेले. "मना कलम वाटला. दोन्ही व्हत होतं. फूल पन व्हत होतं. मना नाय कललं, कनचं लिवू ते."

पाटील मुकादमाला म्हणाले, "मंग आता?" मुकादमानं खांदे उडवले. मागून कोणीतरी म्हणालं, "ठरलंय ते ठरलंय. नाय जुललं तर भगत." दोन-तीन माणसं उठूनही उभी राहिली.

आजी तशीच वाकून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. तिनं तोंड वर केलं तर ती हसत होती, बोळकं तोंड उघडं टाकून, हळदीच्या मांडवात हसायची तशी.

"चुकली म्हनतं!" ती म्हणाली. "गो पोरी, चिखलातला फूल तुला नाय आला? कमल? कालेजात जातेस ना तू?"

"दोन्ही व्हत होतं, आजी."

"कोड्यात दोन्ही नसतं गो. एकच असतं. माझ्या मांडवात असतीस तर तुज्या मामाला गाढवावर बसवला असता." मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि उभ्या राहिलेल्या माणसांकडे वळली. "बसा रं. जी माझ्या नातवाचा जीव घेनार, तिला एक फूल ओलखता नाय आलं? करनी करनारी अशी चुकत असती तर आमी भ्यायलो असतो कनाला? चुकतो तो खेल. मी जनम काढलाय त्यात."

मुकादम म्हणाला, "पन ठरलं व्हतं..."

"पोर माझ्या घरातला," आजी म्हणाली. "ताप माझ्या घरातला. पुडी माझ्या झोलीखाली निघाली. मी म्हनते खेल हाय. तुला काय म्हनायचाय?"

मुकादमानं पेपराच्या कोपऱ्यांवरचे दगड उचलले. पाटलांनी बाबांकडे बघितलं. "फडका बांध डोक्याला," ते म्हणाले. बाबांनी फडकं उचललं. दोनदा बांधायला गेले, गाठ बसेना. शेवटी आईनं मागून हात घालून ती मारली.

माणसं पांगली. मी तिथेच मातीत बसून होते. आजीनं दोन्ही अंक गोळा केले आणि माझ्या मांडीवर टाकले. चिमट्यानं नाही, हातानं. "ने," ती म्हणाली. "आन् तुज्या आयला सांग, ओवा भांड्यात घालून द्यायचा."

भीती काही त्या दिवशी गेली नाही. पुढे कित्येक महिने वसतिगृहात मी लिहिलेला प्रत्येक कागद बारीक फाडून टाकायचे, आणि सुट्टीत गावी आले की पेन्सिल पेटीतून बाहेर काढायचे नाही. विहिरीवर काही बाया बराच काळ आईपासून चार हात लांब राहिल्या. आजी मात्र मुद्दाम तिच्या शेजारी कळशी ठेवायची. कॉलेज बंद करण्याची गोष्ट बाबांनी पुन्हा काढली नाही. सुट्टी संपल्यावर ते मला मोऱ्यापर्यंत पोचवायला आले आणि लाँच सुटेपर्यंत धक्क्यावर उभे राहिले. ते यापूर्वी कधी आले नव्हते.

मी बी.ए. झाले. आमच्या गावातली पहिली. आई गावातच राहिली, त्याच घरात, डोक्यावरच्या सगळ्या केसांनिशी, आणि त्या घराच्या चुलीवरून शेजाऱ्यांनी विस्तव नेला.